वन्यजीवचित्रांचा संग्रह

रानातले प्राणी आणि पक्षी रंगवणाऱ्या चित्रकाराची कामे निवडून, माग ठेवून जमवण्याचा छंद. यात दोन प्रकारच्या वस्तू येतात. एक म्हणजे चित्रकाराच्या हातून कागदावर किंवा कॅनव्हासवर एकदाच उतरलेले मूळ चित्र. दुसरी म्हणजे ठरावीक संख्येत छापून, प्रत्येक प्रतीवर आकडा आणि सही घालून विकलेली लिमिटेड एडिशन प्रिंट. कॅलेंडर आणि पोस्टर यांत येत नाहीत, मग त्यावरचा वाघ कितीही देखणा असो.

मराठवाड्यात हा छंद अजून फार पसरलेला नाही. खरेदीसाठी बहुधा मुंबई-पुण्याची प्रदर्शने गाठावी लागतात किंवा चित्रकाराशी थेट बोलावे लागते. प्राण्यांची चित्रे पाहण्याची सवय मात्र इथे फार जुनी आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात हंस जातक आहे, १० आणि १७ मध्ये सहा सुळ्यांच्या हत्तीची षड्दंत जातककथा आहे, तर २ क्रमांकाच्या लेण्यातली हंसांची रांग पाहताना एकही मान दुसरीसारखी वळलेली वाटत नाही. पैठणीच्या पदरावर बांगडीच्या गोलात बसलेले मोर घराघरांत ओळखीचे आहेत.

मूळ चित्र मोठे की नक्कल, हा वादही अजिंठ्यापासून दूर नाही. मद्रास सैन्यातला अधिकारी रॉबर्ट गिल याला १८४४ मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमले गेले. त्याची बहुतेक तैलचित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पुढे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. दरम्यान लेण्यांतल्या भिंतींवरचा रंग झडत राहिला. त्यामुळे वाचलेल्या नकलांतले काही तपशील आज भिंतीवर दिसत नाहीत. नकलेला मोल येते ते असे.

छापील चित्राची संख्या पूर्वी तंत्रानेच मर्यादित असे. ज्यावर चित्र कोरून छापत तो तांब्याचा पत्रा झिजला की पुढच्या प्रती फिक्या निघत. पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन याच्या अमेरिकी पक्ष्यांच्या ४३५ चित्रपत्रांची छपाई १८२७ ते १८३८ या काळात झाली आणि त्यांत रंग हाताने भरले गेले. ऑफसेट छपाई आल्यावर कितीही प्रती काढता येऊ लागल्या, तेव्हा मर्यादा घालणे हा चित्रकाराने दिलेला शब्द ठरला. १९९० नंतर जिक्ले म्हणजे रंगद्रव्याच्या शाईची बारीक फवारणी करणारी डिजिटल छपाई रुळली. तिच्यात पाहिजे तेव्हा एकेक प्रत काढता येते, म्हणून तो शब्द आणखी महत्त्वाचा झाला. हजार प्रतींच्या आवृत्तीला मर्यादित म्हणणे मात्र शब्दाची थट्टा आहे. पन्नास-शंभरच्या आत असलेली आवृत्ती घ्यावी, असे या नोंदीच्या लेखकाचे मत.

पैठणी घेताना जाणती बाई आधी पदर उलटा करते. हातमागाच्या पदराची मागची बाजूही नेटकी असते, यंत्राच्या कापडावर मागे धागे लोंबतात. चित्र घेतानाही हाच शिरस्ता उपयोगी पडतो. जलरंगाचे मूळ चित्र फ्रेमबाहेर काढून पाठीमागून पाहिले तर कागदाला आलेली किंचित लाट, ताणून चिकटवल्याच्या कडेच्या खुणा, कधी चित्रकाराने पेन्सिलीने टिपलेली जागा आणि तारीख दिसते. प्रिंटचे बोलणे खालच्या समासात असते. डावीकडे ३७/२५० असा अपूर्णांक, म्हणजे २५० पैकी ३७ वी प्रत, मध्ये चित्राचे नाव, उजवीकडे सही, आणि तिन्ही शिसपेन्सिलीने. कागद उजेडाला तिरका धरला की पेन्सिलीच्या रेघेला करडी चकाकी येते, छापलेल्या सहीला येत नाही. भिंगाखाली ऑफसेटच्या ठिपक्यांची फुलासारखी रचना स्पष्ट दिसते, जिक्लेत ती नसते, बारीक तुषार दिसतात. ३७ हा आकडा लहान आहे म्हणून प्रत चांगली, असे समजू नये. डिजिटल छपाईत पहिली आणि शेवटची प्रत सारखीच असते. पत्र्यावर थेट सुईने ओरखडून काढलेल्या ड्रायपॉइंटमध्ये मात्र सुरुवातीच्या प्रतींतली रेषा खरोखर मऊ आणि गडद उतरते. आकड्याऐवजी ‘ए. पी.’ ही अक्षरे असतील तर ती चित्रकाराने स्वतःसाठी राखलेली प्रत असते. अशा प्रती फार झाल्या की आवृत्तीचा आकडाच खोटा पडतो, म्हणून त्या किती काढल्या हे विचारून घ्यावे.

प्राणी बरोबर उतरला आहे का, हे तपासण्यात मराठवाड्याच्या ग्राहकाचा हात कोणी धरणार नाही. सोयाबीनच्या काढणीला आलेल्या शेतात पूर्ण पिसारा फुलवलेला मोर रंगवला असेल, तर बीड जिल्ह्यातल्या नायगाव मयूर अभयारण्याच्या आसपासचा शेतकरी हसेल. पावसाळा सरता सरता मोराची पिसे झडतात आणि तोवर शेपूट उघडी पडलेली असते. रोज पहाटे शिवारात काळवीट पाहणाऱ्याला शिंगे असलेली मादी दाखवून फसवता येत नाही. नाथसागरावर, म्हणजे पैठणजवळच्या जायकवाडी जलाशयावर, हिवाळ्यात उतरणाऱ्या पट्टकादंब हंसाच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, एक नव्हे. रोहित पक्ष्याची (फ्लेमिंगोची) मागे वळणारी सांध्याची घडी म्हणजे गुडघा नसून घोटा, हे न कळलेल्या चित्रकाराचा पक्षी लाकडी उभा राहतो. पाणथळीवर बसून काढलेली रेखाटने यासाठीच घ्यावीत. ती स्वस्त असतात, आणि वाऱ्याने सांडलेल्या रंगासकट चित्रकाराची नजर त्यांत पकडलेली असते.

या छंदाचा रानाच्या जपणुकीशीही संबंध आला आहे. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड शेफर्ड यांच्या ‘टायगर फायर’ या वाघाच्या चित्राने १९७३ मध्ये भारतातल्या वाघांसाठी सुमारे १ लाख २७ हजार पौंड उभे केले. व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेच हे वर्ष. पहिल्या नऊ क्षेत्रांत शेजारच्या विदर्भातले मेळघाट होते. याउलट एक अडचणीची गोष्ट कुंचल्याची आहे. बारीक केस रंगवायला मुंगसाच्या केसांचा कुंचला उत्तम मानला जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे आणि अशा कुंचल्यांचा व्यापार गुन्हा आहे. वाघाचे चित्र घेताना ते कोणत्या कुंचल्याने काढले, हे विचारायला लाजू नये.

घरी आणल्यावर चित्राचे खरे वैरी सुरू होतात. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि दुपारभर कूलर चालतो. कूलरच्या झोतासमोर टांगलेला कागद रोज दमट होतो, रात्री सुकतो आणि महिन्याभरात त्याला लाटा येतात. पावसाळ्यात बाहेरच्या ओल्या भिंतीवर पाठ टेकलेल्या फ्रेमला बुरशी धरते. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून रबराचे किंवा बुचाचे तुकडे लावले की वारा खेळतो. फ्रेमवाला मागे साधे प्लायवूड आणि चिकटपट्टी लावतो, त्याला आम्लरहित माउंट लावायला सांगावे आणि काच चित्राला टेकणार नाही, याची खात्री करावी. कसर पिठाच्या खळीवर तुटून पडते. उन्हाचा कवडसा पडणाऱ्या भिंतीवर तर रोहित लावूच नये. काही गुलाबी आणि किरमिजी रंग उजेडात झपाट्याने उडतात आणि थव्याचा थवा पांढरा पडतो.

चित्र विकत घेतले म्हणून ते लग्नपत्रिकेवर किंवा दुकानाच्या पाटीवर छापायचा हक्क मिळत नाही. तो हक्क, लेखी करार करून दिला नसेल तर, चित्रकाराकडेच राहतो आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या वारसांकडे. मूळ चित्र पुढे १० हजार रुपयांहून जास्त किमतीला विकले गेले, तर चित्रकाराने किंवा त्याच्या वारसांनी त्या किमतीतला वाटा मागण्याची तरतूद १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५३-अ मध्ये आहे, आणि हा वाटा १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. यासाठी पावती, प्रमाणपत्र आणि चित्रकाराशी झालेला पत्रव्यवहार एका पाकिटात घालून जपतात. ते पाकीट फ्रेमच्या पाठीला डकवू नये, चित्र गेले तर पाकीटही जाते.