लॉगमध्ये सगळ्यांचा आयपी एकच का दिसतो?

तुमची साइट आमच्या रिव्हर्स प्रॉक्सीमागे, म्हणजे ब्राउझर आणि तुमचा सर्व्हर यांच्यामधल्या मध्यस्थ सर्व्हरमागे, आली की ॲक्सेस लॉगमध्ये (साइटला आलेल्या भेटींच्या नोंदींत) प्रत्येक ओळीपुढे १०.०.०.५ हाच पत्ता दिसू लागतो. घाबरू नका, साइट हॅक झालेली नाही. ब्राउझरचं कनेक्शन प्रॉक्सीपाशीच संपतं आणि पुढे तुमच्या सर्व्हरशी प्रॉक्सी स्वतःचं वेगळं कनेक्शन जोडते. सर्व्हरला समोर दिसते ती फक्त प्रॉक्सी.

हे लॉगपुरतं असतं तर चाललं असतं. पण चुकीच्या पासवर्डवरून आयपी ब्लॉक करणारं प्लगइन असेल, तर कुणा एकापायी प्रॉक्सीचाच पत्ता ब्लॉक होतो आणि साइट सगळ्यांनाच बंद!

खरा पत्ता प्रॉक्सी एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमध्ये (रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) लिहून पुढे पाठवते. मात्र हा हेडर कुणीही स्वतःच्या रिक्वेस्टमध्ये घालू शकतो. समजा, २०३.०.११३.७ वरून आलेल्या कुणी त्यात १९८.५१.१००.९ हा खोटा पत्ता आधीच भरून ठेवला. प्रॉक्सी तो पुसत नाही, खरा पत्ता शेवटी जोडते. तुमच्याकडे पोचतं ते असं:

एक्स-फॉरवर्डेड-फॉर: १९८.५१.१००.९, २०३.०.११३.७

म्हणून यादी उजवीकडून वाचायची. आपल्या ओळखीच्या प्रॉक्सी वगळत जायचं आणि पहिला अनोळखी पत्ता लागला की थांबायचं. डावीकडचा पहिला पत्ता डोळे झाकून उचलणारी प्लगइन्स आजही सर्रास सापडतात. आमच्या मते ती काढूनच टाकावीत.

वेब सर्व्हर एनजिनएक्स असेल तर त्यात हे काम रिअल-आयपी मॉड्यूल करतं, अपाचे २.४ मध्ये मॉड-रिमोटआयपी. दोन्हींत विश्वासू म्हणून फक्त आमच्या प्रॉक्सीचा पत्ता द्या, अख्खं इंटरनेट नको. २०१४ च्या आरएफसी ७२३९ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजाने यासाठी फॉरवर्डेड हा प्रमाणित हेडर आणला, पण चलन अजून जुन्याचंच आहे.

ब्राउझरमध्ये ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ ही चूक दिसली तर एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हा हेडर तपासा; ब्राउझर एचटीटीपीने आला की एचटीटीपीएसने, हे तो सांगतो. एचटीटीपीएस प्रॉक्सीवर उलगडतं, पुढे साधं एचटीटीपी जातं. तुमचं ॲप्लिकेशन हा हेडर वाचत नसेल, तर ते ब्राउझरला पुन्हा पुन्हा एचटीटीपीएसकडे पिटाळत राहतं.

एवढं करून सर्व्हरचे ८० आणि ४४३ पोर्ट जगाला उघडे ठेवू नका. फायरवॉलमध्ये ते फक्त प्रॉक्सीच्या पत्त्यासाठी खुले असावेत. नियम लावण्याआधी आम्हाला कळवा, प्रॉक्सीच्या पत्त्यांची चालू यादी पाठवतो.