आयपी पत्ता, खासगी

संगणकाला स्थानिक नेटवर्कपुरता मिळालेला, बाहेरच्या इंटरनेटवर न चालणारा अंकी पत्ता. घरातल्या वा कचेरीतल्या संगणकावर आयपी पत्ता म्हणून जो दिसतो, तो बहुधा हाच. संकेतस्थळांना मात्र राउटरचा सार्वजनिक पत्ता दिसतो. दोन्ही निराळे दिसणे हा बिघाड नव्हे.

आयपी आवृत्ती ४ मधील पत्ता ३२ बिटांचा असून ० ते २५५ मधील चार संख्यांनी लिहितात. खासगी वापरासाठी तीन गट राखीव आहेत : १०.०.०.० ते १०.२५५.२५५.२५५ (१,६७,७७,२१६ पत्ते), १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ (१०,४८,५७६) आणि १९२.१६८.०.० ते १९२.१६८.२५५.२५५ (६५,५३६). मधल्या गटाची सीमा अनेकदा चुकते, १७२.३२ पासूनचे पत्ते खासगी नाहीत.

हे गट मार्च १९९४ च्या आरएफसी १५९७ या दस्तऐवजात (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची क्रमांकित दस्तऐवजमालिका) प्रथम मांडले गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये आरएफसी १६२७ ने आक्षेप घेतला : पत्ता जगात एकमेव असण्याचे तत्त्व मोडते आणि पुढे दोन संस्थांची नेटवर्क जोडताना पत्ते एकमेकांवर आदळतात. दुसरा मुद्दा आजही खरा ठरतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ ने व्यवस्था कायम केली. हेच आकडे का, याविषयी एकमत नाही. १० हा इंटरनेटचे पूर्वज असलेल्या आर्पानेट या नेटवर्कचा क्रमांक होता व ते नेटवर्क १९९० मध्ये बंद झाल्याने तो मोकळा झाला, हे सहसा मान्य आहे. १९२.१६८ चा संबंध काही जण उत्पादकांच्या पुस्तिकांतील नमुना पत्त्यांशी लावतात. तथापि आरएफसी १९१८ मध्ये हे गट नेटवर्कच्या आकारानुसार पत्ते विभागणाऱ्या जुन्या वर्गपद्धतीनुसार ‘अ’ वर्गाचे एक, ‘ब’ वर्गाची सलग १६ व ‘क’ वर्गाची सलग २५६ नेटवर्क असे मोजले आहेत. त्यामुळे प्रत्येक वर्गातून मोकळा भाग उचलला गेला, हे स्पष्टीकरण अधिक पटते.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) आज्ञा दिल्यास पत्ता मिळतो. अनेक अडॅप्टर (संगणकाला नेटवर्कशी जोडणारे भाग) दिसल्यास ज्याच्यापुढे ‘डिफॉल्ट गेटवे’, म्हणजे राउटरचा पत्ता, भरलेला आहे तो पाहावा. आभासी यंत्रांच्या (संगणकातच सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या संगणकांच्या) अडॅप्टरपुढे ती जागा बहुधा रिकामी असते. लिनक्समध्ये ‘आयपी अ‍ॅडर’ (ip addr) ही आज्ञा, मॅकवर वाय-फायच्या तपशिलातील टीसीपी/आयपी.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या, सेवेकडून उत्तर आलेले नाही आणि संगणकाने तो स्वतःच घेतला आहे. आधी केबल वा वाय-फायची जोडणी तपासावी, मग ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ (ipconfig /renew) द्यावे. प्रिंटरला हाताने दिलेला पत्ता डीएचसीपीच्या वाटपाच्या टप्प्यात पडला, तर तोच दुसऱ्या उपकरणालाही मिळू शकतो व दोन्ही अधूनमधून तुटतात. त्यापेक्षा राउटरमध्येच त्याचा पत्ता राखून ठेवावा.

राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ मधील पत्ता असल्यास सेवादात्याने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलेले असते. हा गट एप्रिल २०१२ मध्ये त्यासाठीच राखला गेला. अशा जोडणीवर घरातला कॅमेरा बाहेरून पाहण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी राउटरने आतल्या उपकरणाकडे वळवणे) कितीही नीट केले तरी चालत नाही. सेवादात्याकडून सार्वजनिक पत्ता घ्यावा लागतो.

आयपी आवृत्ती ६ मध्ये ‘एफई८०’ (fe80) ने सुरू होणारा पत्ता फक्त त्या स्थानिक जोडणीपुरता असतो.