इम्प्लांटच्या सांध्यातील जिवाणूगळती

जबड्याच्या हाडात बसवलेले इम्प्लांट (दाताचे धातूचे कृत्रिम मूळ) आणि त्यावर स्क्रूने आवळलेले ॲबटमेंट (ज्यावर कृत्रिम दाताची कॅप बसते तो जोड) यांच्या सांध्यातून तोंडातले जिवाणू व त्यांची विषद्रव्ये आत-बाहेर झिरपणे, याला जिवाणूगळती म्हणतात. इम्प्लांटभोवतीच्या हिरडीचा दाह आणि काठाच्या हाडाची झीज यांच्याशी तिचा संबंध आहे. टायटॅनियमशी हाड एकजीव होते, या शोधाचा आधार घेऊन स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. हाड आणि धातूचा मेळ असा जमला. धातू आणि धातूमधली फट मात्र राहिली.

सांधा कितीही काटेकोर घडवला तरी तिथे काही मायक्रोमीटरची फट उरते. बहुतेक जिवाणूंची जाडी एक मायक्रोमीटरच्या आसपास असते, म्हणजे त्यांना आत शिरायला ती पुरेशी आहे. शिवाय चावताना ॲबटमेंट अगदी किंचित हलते, फट उघडते-मिटते आणि पंपासारखी लाळ आत ओढली जाऊन पुन्हा बाहेर ढकलली जाते. आतली पोकळी उबदार, ओलसर आणि ऑक्सिजनला पारखी असल्याने पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस, फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम यांसारखे जिवाणू तिथे सुखाने वाढतात. बराच काळ बसलेले ॲबटमेंट सोडवले की स्क्रूच्या आट्यांतून जो उग्र कुजकट वास येतो, तो यांचाच. ब्रश तिथवर पोचत नाही.

नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते बव्हंशी समांतर धावतात, कडे घातल्यासारखे नुसते वेढतात. दाताला धरणारा अस्थिबंध आणि त्यातून येणारा रक्तपुरवठाही इथे नसतो. म्हणून दाह हाडापर्यंत उतरायला अडथळा कमी.

दाह हिरडीपुरता असेपर्यंत ती लाल, सुजलेली दिसते, हलके तपासले तरी रक्त येते. या टप्प्यावर नीट स्वच्छता झाली तर तो सहसा बरा होतो. हाड झिजू लागले की गोष्ट वेगळी. पूर्वीची नोंद वा एक्स-रे हाताशी नसेल तर रक्त वा पू, हिरडी आणि इम्प्लांट यांच्यामधला ६ मिमी किंवा अधिक खोल खिसा आणि ३ मिमी किंवा अधिक हाडझीज हे निदानाचे निकष २०१७ च्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेत ठरले. पुष्कळदा दुखत नाही, हेच त्यातले वाईट.

सगळा दोष या सांध्याच्या माथी मारणे मात्र बरोबर नाही. इम्प्लांटच्या बाहेरून साचणारा जिवाणूंचा थर, पूर्वीचा हिरड्यांचा आजार, कॅप चिकटवताना हिरडीखाली राहून गेलेले सिमेंट आणि तपासणीत पडलेला खंड यांचा वाटा मोठा असतो.

शंकूच्या आकाराचा घट्ट सांधा गळती कमी करतो, पूर्ण थांबवत नाही. ॲबटमेंट इम्प्लांटपेक्षा अरुंद ठेवले तर फट हाडाच्या काठापासून आत सरकते, आणि हा उपाय मला अधिक शहाणपणाचा वाटतो: फट मिटत नसेल तर तिला हाडापासून दूर नेणे. स्क्रू हाताच्या अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने), उत्पादकाने दिलेल्या मापाइतकाच आवळावा लागतो. हाड झिजल्यावर नुसत्या प्रतिजैविकांवर भागत नाही. थर खरवडून काढावा लागतो, कधी हिरडी उघडून शस्त्रक्रियाही करावी लागते.

कॅप किंचित हलू लागणे हे बहुधा स्क्रू सैल झाल्याचे लक्षण असते. सैल सांध्यात हा पंप जास्त जोराने चालतो, म्हणून दुखत नसले तरी स्क्रू लगेच आवळून घ्यावा.