बॅरोरिफ्लेक्स चाचणीला येण्यापूर्वी

रक्तदाब चढला की कॅरोटिड धमनी आणि महाधमनीच्या भिंतीतले संवेदक ताणले जातात, मेंदूला खबर जाते आणि ठोके मंदावतात. दाब उतरला की उलट. हाच बॅरोरिफ्लेक्स. ही दुरुस्ती एक-दोन ठोक्यांतच सुरू होते. त्यामुळे दंडाला पट्टा बांधून एकदाच घेतलेले बीपी इथे उपयोगाचे नाही, प्रत्येक ठोक्याचा दाब लागतो.

त्यासाठी छातीवर ईसीजीचे इलेक्ट्रोड आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर छोटा कफ (हवेने फुगणारा पट्टा) लावतो. दहा मिनिटे पडून विश्रांती, मग दहा मिनिटे नोंद. बोट निळसर दिसेल, थोडे बधिरही होईल. कफ काढला की पूर्ववत. नेलपॉलिश चालेल, अंगठी मात्र काढा.

नोंदीतून सॉफ्टवेअर सलग तीन किंवा जास्त ठोक्यांच्या अशा मालिका शोधते, ज्यांत वरचा दाब आणि ठोक्यांमधले अंतर दोन्ही वाढत किंवा दोन्ही घटत जातात. समजा दाब 118, 120, 123 आणि अंतर 840, 862, 895 मिलिसेकंद. म्हणजे दाबाच्या दर मिलिमीटरमागे सुमारे 11 मिलिसेकंद. अशा सगळ्या मालिकांची सरासरी रिपोर्टवर येते.

नोंद बिघडते ती बहुधा गार बोटामुळे. रक्तवाहिन्या आकसतात आणि लहर चपटी येते, म्हणून एसीत आधी हात गरम करून घेतो. हात हृदयाच्या पातळीखाली 10 सेंटिमीटर गेला की दाब 7-8 मिलिमीटर जास्त दिसतो. तो तिथेच स्थिर राहिला तर या आकड्याला फारसा धक्का नाही. मध्येच हलवलात तर खोटी चढण तयार होते. यंत्र अधूनमधून स्वतःला तपासते, तेव्हाचे ठोके हातचे जातात. म्हणून नोंदीपुरती ती सोय बंद ठेवतो. बोलू नका. मुद्दाम सावकाश श्वासही घेऊ नका: मिनिटाला सहा श्वासांवर आकडा फुगतो. एखाददुसरा अवेळी ठोका गाळता येतो. एट्रियल फिब्रिलेशन (ठोके सतत अनियमित पडणे) असेल किंवा पेसमेकरच ठोके देत असेल, तर ही चाचणी करून घेऊ नका, पैसे वाया जातील.

सकाळपासून चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री नको. जेवण दोन तास आधी, हलके. बीटा-ब्लॉकरने (ठोके मंद करणाऱ्या, बीपीसाठीही दिल्या जाणाऱ्या गोळीने) आकडा बदलतो, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका, यादी आणा.

निरोगी तरुणांत आकडा बहुधा 10 च्या वर असतो. वय, मधुमेह, उच्च रक्तदाब यांनी उतरतो. हार्ट अ‍ॅटॅकनंतरच्या रुग्णांवरील 1998 च्या अभ्यासातली 3 ची धोकारेषा इंटरनेटवर दिसेल. ती फेनिलेफ्रिन या दाब चढवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन देऊन मोजलेली होती, आमच्या आकड्याला लावू नका. पुन्हा चाचणी करायची झाल्यास त्याच वेळेला या, म्हणजे दोन रिपोर्ट शेजारी ठेवता येतील.