निवासी उन्हाळी शिबिर : रात्रीचा मुक्काम आणि पाळीचे काम

मराठीत 'समर कॅम्प' म्हटले की हल्ली बहुधा सोसायटीच्या सभागृहातला दोन-तीन तासांचा वर्ग डोळ्यांसमोर येतो : सकाळी मूल सोडायचे, दुपारच्या जेवणाआधी घरी आणायचे आणि मधल्या वेळात चित्रकला, कागदकाम किंवा बुद्धिबळ. हा शब्द ज्या प्रथेतून आला तिची घडण मात्र नेमकी उलट होती. तिथे मूल रात्री घरी परतत नसे आणि रोजची बरीचशी कामे त्यालाच करावी लागत. शिबिराने मुले स्वावलंबी आणि चिवट होतात असा दावा आज जाहिरातींत सर्रास केला जातो. त्यात जे तथ्य आहे ते बव्हंशी या दोन गोष्टींतून आलेले आहे. दोरावरून ओढा ओलांडणे वगैरे ही पुढची भर.

या प्रथेचा आरंभ सहसा १८६१ सालापासून सांगितला जातो. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील वॉशिंग्टन या गावी फ्रेडरिक विल्यम गन हे शाळा चालवत असत. त्या वर्षी एप्रिलमध्ये यादवी युद्धाला तोंड फुटले आणि शाळेतल्या मुलांनाही सैनिकांसारखे कूच करावे, उघड्यावर झोपावे असे वाटू लागले. ऑगस्टमध्ये गन आणि त्यांच्या पत्नी ॲबिगेल मुलांना घेऊन सुमारे ४० मैल चालत मिलफर्डच्या समुद्रकिनारी गेले आणि जवळपास दोन आठवडे तंबूत राहिले. मासे धरणे, होड्या वल्हवणे, पोहणे असा सगळा कार्यक्रम होता. हा उपक्रम मुलांना इतका आवडला की पुढेही तो होत राहिला. पुढे १८७६ मध्ये पेनसिल्व्हेनियात जोसेफ रॉथ्रॉक या डॉक्टरांनी अशक्त प्रकृतीच्या मुलांसाठी शिबिर काढले. पैशाचे गणित न जमल्याने ते टिकले नाही.

आज आपण ज्याला निवासी शिबिर म्हणतो त्याचा साचा मात्र १८८१ मध्ये तयार झाला. न्यू हॅम्पशायर राज्यात स्क्वाम तलावातल्या एका बेटावर अर्नेस्ट बाल्च या तरुणाने 'कॅम्प चोकोरुआ' सुरू केला. बाल्च यांचा राग एका विशिष्ट गोष्टीवर होता. सुखवस्तू कुटुंबे उन्हाळाभर थंड हवेच्या ठिकाणी हॉटेलांत मुक्काम ठोकत. तिथे दिमतीला नोकरचाकर असत आणि मुलांना करण्यासारखे काहीच नसे. या रिकामपणाने मुलांची वाट लागते असे त्यांचे मत होते. म्हणून बेटावर नोकर ठेवायचे नाहीत हा पहिला नियम झाला. स्वयंपाक, भांडी, साफसफाई ही कामे मुलांच्या तुकड्या पाळीपाळीने करत. श्रीमंताच्या मुलाला घरून वाटेल तेवढे पैसे येऊ नयेत अशीही सोय केलेली होती : हातखर्च मर्यादित, त्यापेक्षा जास्त हवे असेल तर शिबिरातली जादा कामे अंगावर घेऊन कमवायचे. व्यवहार शिकण्यासाठी बेटावर मुलांची स्वतःची बँकसुद्धा होती. हे शिबिर १८८९ पर्यंतच चालले, परंतु पाळीचे काम, तुकड्या, एकसारखा साधा गणवेश आणि स्वतःपुरती छोटी व्यवस्था ही त्याची चौकट पुढच्या असंख्य शिबिरांनी उचलली. गन यांच्या मुलांना युद्धाच्या आकर्षणाने बाहेर नेले होते. बाल्च यांनी बाहेर नेले ते लाडांपासून. माझ्या मते खरा आरंभबिंदू बेटावरचाच आहे.

श्रीमंतांच्या मुलांपुरता हा प्रकार फार काळ राहिला नाही. न्यूयॉर्कच्या दाट वस्त्यांतील गरीब मुलांना उन्हाळ्यात खेड्यातल्या कुटुंबांकडे पाठवण्याचा 'फ्रेश एअर फंड' हा उपक्रम १८७७ मध्ये सुरू झाला होता. १८८५ मध्ये सम्नर डडली यांनी वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेतर्फे सात मुलांना तळ्याकाठी नेले. त्यांच्या नावाचे शिबिर आजही चालू आहे. मुलींना मात्र थांबावे लागले. त्यांच्यासाठी स्वतंत्र शिबिरे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजली, आणि त्याआधी चिवटपणा हा जणू मुलग्यांचाच गुण असल्याचे गृहीत धरले जाई. या इतिहासातली आणखी एक अप्रिय बाजू नोंदवलीच पाहिजे : अमेरिकेतल्या अनेक शिबिरांनी तिथल्या मूळ रहिवाशांची नावे, पोशाख आणि विधी खेळण्यासारखे वापरले, आणि तेही त्या लोकांच्या जमिनी गेल्यानंतर.

इंग्लंडमध्ये हीच कल्पना दुसऱ्या वाटेने आली. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर स्काउट चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी सुमारे २० मुलांचे आठ दिवसांचे शिबिर घेतले. निम्मी मुले महागड्या निवासी शाळांतली, उरलेली पूल आणि बोर्नमथ या गावांतल्या साध्या घरांतली. पहिल्यांकडून एक पौंड आणि दुसऱ्यांकडून साडेतीन शिलिंग शुल्क घेतले गेले, पण राहणे एकत्र. मुलांचे चार गट केले आणि प्रत्येकाचा नायक त्यांच्यातलाच एक मोठा मुलगा होता. मोठ्या माणसाने एक पाऊल मागे राहायचे, ही या रचनेतली महत्त्वाची गोष्ट होय.

भारतात स्काउटिंग १९०९ मध्ये बंगळुरात आले, पण ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते. भारतीय मुलांना प्रवेश नव्हता, म्हणून ॲनी बेझंट यांनी मद्रासेत आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेत आपल्या संघटना उभ्या केल्या. या वेगवेगळ्या धारा ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स आणि गाइड्स'मध्ये एकत्र आल्या. महाराष्ट्रात मात्र 'शिबिर' या शब्दाला जी उब आहे ती प्रामुख्याने राष्ट्र सेवा दलासारख्या संघटनांमुळे आली. १९४१ मध्ये एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या दलाच्या शिबिरांत श्रमदान, बौद्धिके, खेळ आणि गाणी असत, आणि मुलगे व मुली, वेगवेगळ्या जातींची मुले एका पंगतीत बसत. त्या काळातल्या अनेक घरांसाठी ही पंगतच सर्वांत मोठे धाडस होते. बाबा आमटे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी तरुणांसाठी होती, तरी भर मे महिन्याच्या उन्हात कुदळ-फावडे हाती देणाऱ्या त्या छावणीचा आणि बाल्च यांच्या बेटाचा मूळ विचार सारखाच आहे : ज्याच्या कामाची खरोखर गरज असते, तो स्वतःला कमी लेखत नाही.

साहस हा शिबिराचा गाभा बनला तो दुसऱ्या महायुद्धात. हिटलरला विरोध केल्यामुळे १९३३ मध्ये तुरुंगात गेलेले आणि नंतर ब्रिटनमध्ये आश्रय घेतलेले शिक्षक कुर्ट हान यांनी १९४१ मध्ये जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांच्या साहाय्याने वेल्समधील ॲबरडोवी येथे 'आउटवर्ड बाउंड' हे तरुणांचे साहस-प्रशिक्षण केंद्र सुरू केले. बुडालेल्या जहाजांवरचे तरुण खलाशी जीवरक्षक होड्यांत अनुभवी खलाशांच्या आधी हाय खातात, असे होल्ट यांचे निरीक्षण होते. कमी होती ती ताकदीची नव्हे, तर आपण यातून निभावू या खात्रीची. ती खात्री बेताच्या अडचणींना सामोरे जाऊन कमावता येते, या विश्वासावर जवळपास महिनाभराचा अभ्यासक्रम बेतलेला होता.

नुसते एकत्र राहिल्याने काहीच घडत नाही, याचाही पुरावा एका शिबिरातूनच मिळाला. १९५४ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील रॉबर्स केव्ह येथे मुझफ्फर शेरिफ या मानसशास्त्रज्ञांनी अकराएक वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट करून स्पर्धा लावली, तेव्हा गटांत कडाक्याचे भांडण जुंपले. एकत्र जेवणाने किंवा चित्रपटाने ते मिटले नाही. पाण्याचा पुरवठा बंद पडला आणि तो सगळ्यांनी मिळून सुरू करावा लागला, अशा प्रसंगांनी ते निवळले. संशोधकांनी मुलांना भांडायला उद्युक्त केले, अशी टीका या प्रयोगावर पुढे झाली आणि ती रास्त आहे. तरीही खऱ्या कामाचे महत्त्व त्यातून दिसतेच.

राहता राहिली रात्र. क्रिस्टोफर थर्बर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात शिबिरातल्या ८ ते १६ वर्षांच्या ३२९ मुलग्यांचा अभ्यास केला, तेव्हा ८३ टक्के मुलांनी किमान एक दिवस तरी घरची आठवण येत असल्याचे नोंदवले. म्हणजे आठवण येणे हा अपवाद नव्हे, नेहमीचा अनुभव आहे. फार थोड्या मुलांचे दुःख तीव्र असते आणि त्यांच्याकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. थर्बर यांनी सहलेखकासह अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेसाठी २००७ मध्ये जो अहवाल लिहिला त्यात पालकांना एक सल्ला आहे : 'नाही आवडले तर लगेच न्यायला येऊ' असे वचन आधीच देऊ नये, कारण त्यातून मुलाला ऐकू येते ते एवढेच की आईबाबांचाही आपल्यावर भरवसा नाही. शिबिराला जाण्यापूर्वी नातेवाइकांकडे किंवा मित्राच्या घरी काही रात्री आईबाबांविना राहण्याचा सराव करावा, असेही तो अहवाल सुचवतो. मे महिना लागला की आजोळी जाणाऱ्या मराठी मुलांचा हा सराव, मामाच्या ओसरीवर मावसभावंडांच्या रांगेत अंथरूण टाकून, कोणी न सांगता होत असे.