इंजिन बदलताना क्लच कोणाचा बसवायचा?

जुन्या जीपमध्ये किंवा पद्मिनीत दुसरे इंजिन बसवायचे ठरले की मालकाचा सगळा जीव इंजिनात अडकतो. किती सीसीचे घ्यायचे, कुर्ल्याच्या बाजारातून आणायचे की पुण्याच्या नाना पेठेतून, ॲव्हरेज किती देईल, याचीच चर्चा चालते. सोलापुरात लेथवर अशी कामे करणारा अनुभवी टर्नर मात्र आधी वेगळेच विचारतो: गिअरबॉक्स कोणता ठेवणार, आणि क्लच कोणाचा? हा प्रश्न रास्त आहे. इंजिन चेसिसवर उभे करणे हे ब्रॅकेट आणि वेल्डिंगचे काम आहे. पण इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, न घसरता गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवणे आणि पायाच्या एका दाबाने तो पूर्णपणे तोडणे, हे दोन वेगवेगळ्या कारखान्यांच्या मापांचा मेळ बसल्याशिवाय साधत नाही.

मोटार कंपन्या स्वतः दुसऱ्याचे इंजिन घेतात तेव्हा हा प्रश्न उद्भवूच देत नाहीत. १९८५ साली आलेल्या प्रीमियर ११८ एनई या गाडीचा सांगाडा फियाट १२४ चा होता, पण इंजिन निसानचे होते आणि त्यामागचा गिअरबॉक्सही निसानचाच होता. ॲम्बेसेडरमध्ये इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले तेव्हा त्याच्यासोबत इसुझूचा पाच गिअरचा बॉक्स आला. माझ्या मते जोडी न फोडणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र चारही चाकांना ओढ देणाऱ्या जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी, जोडलेली असते, त्यामुळे जुना गिअरबॉक्स ठेवणे भाग पडते, आणि खरी कसोटी तेथे सुरू होते. (इंजिन बदलण्याला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चे बंधन आहे, परिवहन कार्यालयाची मान्यता गाडी खोलण्याआधी घ्यावी, नंतर नव्हे.)

फ्लायव्हील हे जड चाक क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या, टोकाला बोल्टने बसते, म्हणून ते इंजिनाच्या बाजूचे. प्रेशर प्लेट फ्लायव्हीलवर बसते, म्हणून तीही त्याच बाजूची. या दोघांमध्ये दाबली जाणारी क्लच प्लेट मात्र दोन्ही बाजूंची असते: तिच्या लायनिंगचा, म्हणजे घर्षणाच्या थराचा, व्यास फ्लायव्हीलशी जुळला पाहिजे आणि तिच्या मधल्या हबच्या खाचा, म्हणजे स्प्लाइन, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टशी जुळल्या पाहिजेत. स्प्लाइनची संख्या मोजून थांबणे पुरेसे नाही, कारण संख्या तीच असूनही शाफ्टचा व्यास किंवा दातांचा आकार वेगळा असू शकतो. जोडणीआधी प्लेट शाफ्टवर हाताने सरकवून पाहावी. ती अडखळता कामा नये आणि खुळखुळताही कामा नये.

प्लेट बसली तरी ती इंजिनाचा जोर पेलेल का, याचे उत्तर साध्या गणिताने मिळते. प्रेशर प्लेटचा दाब, लायनिंगचा घर्षणांक आणि लायनिंगची सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार करायचा, आणि घर्षण दोन्ही पृष्ठभागांवर होत असल्यामुळे त्याची दुप्पट करायची. समजा, दाब ४००० न्यूटन आहे, घर्षणांक ०.३ आहे आणि लायनिंगचा बाहेरचा व्यास २०० व आतला १३० मिलिमीटर आहे. सरासरी त्रिज्या ८२.५ मिलिमीटर येते आणि क्लचची क्षमता सुमारे १९८ न्यूटन-मीटर भरते. १५० न्यूटन-मीटरच्या इंजिनाला हा क्लच सुखाने पुरेल; २०० च्या डिझेल इंजिनाला तो चढावर घसरेल. सोलापुरात अशा घसरणाऱ्या क्लचचे खापर उन्हाळ्यावर फोडले जाते, ते मला पटत नाही. बाहेरचे तापमान ४३ अंश असो वा २५, लायनिंगच्या दृष्टीने हा फरक किरकोळ आहे, कारण घसरू लागलेल्या क्लचचा पृष्ठभाग काही शे अंशांपर्यंत तापू शकतो. तुळजापूरच्या घाटात ‘अर्धा क्लच’ दाबून गाडी रेटणे आणि मुळातच अपुरा दाब असणे, हीच प्लेट जळण्याची खरी कारणे असतात.

सर्वांत जास्त फसगत होते ती लांबीच्या मापात. क्रँकशाफ्टच्या तोंडापासून मागे मोजत गेले तर फ्लायव्हीलची जाडी, क्लच प्लेट, प्रेशर प्लेटची उंची आणि शेवटी पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटच्या पाकळ्या ढकलणारे रिलीज बेअरिंग असा क्रम लागतो. मूळ गाडीत ही बेरीज आणि बेलहाउसिंगची, म्हणजे क्लचभोवतीच्या घंटेसारख्या आवरणाची, खोली एकमेकींसाठीच ठरवलेली असते. सरमिसळ केली की ती बिघडते. बेरीज जास्त झाली तर रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांवर कायम टेकून राहते, त्यामुळे दाब कमी होतो, क्लच घसरतो आणि बेअरिंगही लवकर जाते. कमी झाली तर पेडल तळाला टेकूनही क्लच सुटत नाही. हबचा उंच भाग चुकून इंजिनाकडे आला आणि फ्लायव्हीलच्या बोल्टच्या डोक्यांना घासू लागला, तरीही लक्षण हेच दिसते, आणि मग काही दोष नसलेला गिअरबॉक्स उगाच खोलला जातो. म्हणून गिअरबॉक्स चढवण्याआधी ही सगळी मापे खोलीमापक व्हर्निअरने घेऊन कागदावर मांडावीत.

इंजिन आणि बेलहाउसिंग यांची बोल्टची भोके जुळत नसतील तर मध्ये ॲडॅप्टर प्लेट घालतात. ही प्लेट १२ मिलिमीटर जाडीची असेल तर गिअरबॉक्स तेवढाच मागे सरकतो, आणि क्रँकशाफ्टच्या टोकातील पायलट बेअरिंगमध्ये टेकलेले इनपुट शाफ्टचे नाक तितकेच बाहेर येते. शाफ्टला पुढचा आधार राहिला नाही तर तो डुगडुगतो आणि हबच्या स्प्लाइन झिजवतो. त्यासाठी लांब बुश बनवून घ्यावा लागतो. त्याहून नाजूक बाब म्हणजे केंद्र. क्रँकशाफ्ट आणि इनपुट शाफ्ट यांचे अक्ष एकाच रेषेत आले पाहिजेत, आणि डायल गेज फिरवून पाहिल्यावर बेलहाउसिंगच्या भोकाचे आउट, म्हणजे केंद्र चुकल्याने काट्यावर दिसणारा फरक, साधारणपणे ०.१३ मिलिमीटरच्या आत असावे, असा दंडक आहे. बोल्ट फक्त आवळतात. केंद्र धरतात त्या डॉवेल पिना, म्हणजे भोकांत नेमक्या बसणाऱ्या खुंट्या. वेल्डिंग करून भोके सरकवलेल्या प्लेटीवर माझा विश्वास बसत नाही. सोलापूरसारख्या कॅमशाफ्ट बनवणाऱ्या शहरात मिलिंग मशीन शोधायला फार हिंडावे लागत नाही.

पेडलचा दाब तेलावाटे जात असेल तर मास्टर (पेडलकडच्या) आणि स्लेव्ह (क्लचकडच्या) सिलिंडरच्या व्यासांचाही हिशेब लागतो, कारण हालचालीचे प्रमाण व्यासांच्या वर्गावर ठरते. स्लेव्ह १९ मिलिमीटरऐवजी २२ चा बसला तर पेडल हलके लागते खरे, पण रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कची हालचाल सुमारे एक चतुर्थांशाने घटते आणि रिव्हर्स टाकताना गिअर खरखरतो. नव्या डिझेल इंजिनांत आणखी दोन अडचणी येतात. त्यांतल्या अनेकांचे फ्लायव्हील दोन भागांचे असते आणि धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा त्यातच असतात, म्हणून त्यासोबतच्या क्लच प्लेटीत बहुधा स्प्रिंगा नसतात. त्याजागी एकसंध फ्लायव्हील बसवले तर प्लेटही स्प्रिंगवाली घ्यावी लागते. काही इंजिनांत क्रँकच्या सेन्सरचे दाते फ्लायव्हीलवरच असतात. ते बदलले गेले की इंजिन नुसतेच फिरत राहते, चालू होत नाही.

क्लच जमल्यावर गिअरचे प्रमाण उरते. डिफरन्शियलचे (चाकांच्या ॲक्सलमधील गिअरांचे) प्रमाण ४.५, टॉप गिअर एकास एक आणि टायरचा परीघ १.९ मीटर असेल तर ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे ३१५० फेरे घेते. साडेपाच हजारांपर्यंत फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनाला त्याचे काही वाटत नाही; चार हजारांवर थांबणारे डिझेल इंजिन मात्र सोलापूर-पुणे महामार्गावर तासन्तास किंचाळत राहते. डिफरन्शियलमधील क्राऊन-पिनियन ही गिअरची जोडी बदलून प्रमाण ३.७ केले तर हेच फेरे सुमारे २६०० वर येतात. मात्र स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून निघत असेल, तर ८० च्या वेगाला काटा ६६ दाखवू लागतो, आणि त्या केबलचा लहानसा गिअरही त्याच प्रमाणात बदलावा लागतो.