वक्षनिर्गम लक्षणसमूह व रोबॉटिक शस्त्रक्रिया

गळपट्टीचे हाड आणि पहिली बरगडी यांमधील चिंचोळ्या जागेत हाताकडे जाणाऱ्या तंत्रिका (मज्जातंतू), रोहिणी (धमनी) वा नीला (शीर) यांवर दाब आल्याने होणारा विकार. इंग्रजी नाव थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘टीओएस’. रुग्ण मात्र बहुधा ‘नस दबली आहे’ एवढेच सांगतो. वडोदऱ्यात गुजराती रुग्ण ‘हाथमां खाली चढे छे’ म्हणतो, मराठी रुग्ण ‘हाताला मुंग्या येतात’ म्हणतो. दोन्ही भाषांत ‘नस’ हा शब्द तंत्रिकेलाही लावतात आणि रक्तवाहिनीलाही. या विकारात तर कोणती नस दबली आहे यावरच पुढचे सगळे उपचार ठरतात.

नावाविषयी शारीरविज्ञ आणि शल्यचिकित्सक यांचे एकमत नाही. शारीरविज्ञानात छातीच्या पिंजऱ्याचे वरचे तोंड हे ‘इनलेट’ आणि मध्यपटलाने (छाती व पोट यांमधील पडद्याने) बंद झालेले खालचे तोंड हे ‘आउटलेट’. शल्यचिकित्सकांनी वरच्या तोंडालाच आउटलेट म्हटले, कारण हाताच्या रक्तवाहिन्या तेथून बाहेर पडतात. खरे तर दाब त्या तोंडातही पडत नाही. तो पडतो पहिल्या बरगडीच्या वरच्या अंगाला. संज्ञेचे श्रेय सामान्यतः पीट व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९५६ मधील लेखाला दिले जाते. काही लेखक रॉब व स्टँडेव्हन यांच्या १९५८ मधील लेखाला ते देतात. पण तेथील संज्ञेत ‘दाब’ या अर्थाचा जादा शब्द आहे, त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

पहिल्या बरगडीला मानेतून उतरणारे पुढचा आणि मधला असे दोन स्केलीन स्नायू चिकटलेले असतात. त्यांच्यामधल्या त्रिकोणातून हाताची रोहिणी आणि तंत्रिकाजाल जाते. नीला पुढच्या स्नायूच्याही पुढून, गळपट्टीच्या हाडाखालून जाते. यावरून विकाराचे तीन प्रकार होतात. तंत्रिकाजन्य प्रकार ९० टक्क्यांहून अधिक, नीलाजन्य सुमारे ३ ते ५ टक्के आणि रोहिणीजन्य जेमतेम १ टक्का. रोहिणीजन्य प्रकारात बहुधा मानेच्या सातव्या मणक्याला जादा बरगडी असते. अशी बरगडी शंभरात एखाद्याच माणसाला असते आणि त्यांपैकी बहुतेकांना ती जन्मभर त्रास देत नाही.

शस्त्रक्रियेचा आरंभ या जादा बरगडीपासून झाला. लंडनचे होम्स कूट यांनी १८६१ मध्ये ती प्रथम काढली असे मानतात. मात्र त्यांनी स्वतः तिचे वर्णन मणक्याच्या आडव्या प्रवर्धावरची हाडाची वाढ असे केले होते. जादा बरगडी नसतानाही तीच लक्षणे दिसतात हे कळल्यावर लक्ष पहिल्या बरगडीकडे वळले. ऑस्ट्रेलियातील टॉमस मर्फी यांनी १९१० च्या सुमारास ती काढली. १९२७ मध्ये अ‍ॅडसन व कॉफी यांनी बरगडीला हात न लावता केवळ पुढचा स्केलीन स्नायू छेदण्याचा मार्ग सुचवला आणि पुढची काही दशके तोच चालला. दोष स्नायूचा की हाडाचा हा वाद तेव्हापासूनचा आहे. क्लॅगेट यांनी १९६२ मध्ये पाठीमागून आणि रूस यांनी १९६६ मध्ये काखेतून बरगडी काढून हाडाची बाजू पुन्हा वर आणली. काखेचा मार्ग आजही प्रचारात आहे. त्याची अडचण अशी की सहायकाला हात सतत वर ओढून धरावा लागतो आणि खोल, अरुंद खड्ड्यात बरगडीचे मागचे टोक नीट दिसत नाही. ते टोक लांब राहिले तर दुखणे परत येऊ शकते.

रोबॉटिक पद्धतीचे मूळ या अडचणीत आहे. दुर्बिणीतून पहिली बरगडी काढल्याचे वर्णन १९९९ मध्ये आले. अमेरिकेत दा विंची या शस्त्रक्रियेच्या रोबॉटिक यंत्राला २००० मध्ये मान्यता मिळाली. काखेच्या मार्गाला संगणकसाह्य उपकरणांची जोड दिल्याचा वृत्तांत २००५ चा आहे. पूर्णपणे छातीच्या आतून रोबॉटने बरगडी काढण्याची पद्धत फरीद घरागोझलू व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. अग्रक्रम कोणाला द्यावा हे ‘रोबॉटिक’ची व्याख्या किती सैल धरतो यावर आहे, आज या नावाने जी शस्त्रक्रिया ओळखली जाते ती मात्र २०१२ ची.

रुग्णाला कुशीवर निजवून त्या बाजूचे फुप्फुस मिटवतात. बरगड्यांमधील तीन-चार छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारे आत जातात. यंत्र आपणहून काही करत नाही. शल्यचिकित्सक शेजारच्या कन्सोलवर बसून ते चालवतो. पहिली बरगडी येथे खालून, आतून दिसते आणि तंत्रिका व रक्तवाहिन्या तिच्या पलीकडे राहतात, त्यामुळे त्या बाजूला ओढाव्या लागत नाहीत. या पद्धतीचे खरे बळ या दृष्टिकोनात आहे, यंत्राच्या नावात नाही. फुप्फुसावरणाचा पडदा छेदून बरगडी मोकळी करतात, हाडाच्या कात्रीने किंवा ड्रिलने तोडतात, उरोस्थीपासून (छातीच्या मधल्या हाडापासून) सोडवतात आणि स्केलीन स्नायूंचे धागे कापतात. शेवटी छातीत नळी ठेवतात. रक्तस्राव आणि मध्यपटलाच्या तंत्रिकेची इजा हे मुख्य धोके.

घरागोझलू यांच्या मते नीलाजन्य प्रकारात खरा दोष बरगडीच्या उरोस्थीलगतच्या भागात असतो. तो भाग आतून उत्तम दिसतो, म्हणून नीलाजन्य प्रकारासाठी ही पद्धत सर्वांत पटण्याजोगी आहे. रोहिणीला दुरुस्ती लागते तेथे उघडी शस्त्रक्रियाच बरी. तंत्रिकाजन्य प्रकारात सावधगिरी हवी. हाताचे स्नायू झडलेले आणि विद्युत्‌चाचणीत दोष दिसणारे रुग्ण थोडे. उरलेल्यांच्या निदानाला काही तंत्रिकातज्ज्ञ ‘विवाद्य’ म्हणतात. उपलब्ध पुरावा मुख्यतः एकेका केंद्राच्या रुग्णमालिकांचा आहे. उपलब्ध संशोधनाची छाननी करणाऱ्या २०१४ च्या कॉक्रेन समीक्षेलाही टीओएसच्या कोणत्याच उपचारासाठी भक्कम आधार सापडला नाही. अशा रुग्णांत आधी काही महिने फिजिओथेरपी करणे हा सर्वमान्य क्रम आहे.

वडोदऱ्यात या विकाराचा विचार तालमींशिवाय पुरा होत नाही. प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराने येथे मल्लखांब, लेझीम आणि कुस्तीबरोबर हाडवैद्यकीचीही परंपरा रुजवली. योगाचे अभ्यासक स्वामी कुवलयानंद येथेच शिकले. नीलाजन्य प्रकार नेमका तरुण, कसलेल्या शरीरांत आढळतो: वजन उचलणारे, पोहणारे, हात डोक्यावर नेऊन फेक करणारे. जेम्स पॅजेट (१८७५) आणि फॉन श्रॉटर (१८८४) यांच्या नावाने तो ओळखला जातो. श्रमजन्य गुठळी हे त्याचे दुसरे नाव. व्यायामानंतर एक हात अचानक सुजतो, निळसर होतो, खांद्यावरच्या शिरा फुगतात. असा हात लचक समजून चोळणे धोक्याचे, कारण आत रक्ताची गुठळी असते व ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

हाताची डॉप्लर तपासणी (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणे) त्याच दिवशी व्हावी. गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण पहिल्या १४ दिवसांत सर्वाधिक गुण देते. बरगडी त्यानंतर काढतात. रोबॉट आता शहरातील खासगी रुग्णालयांतही दिसतो, पण त्यांपैकी गुडघेरोपणाची यंत्रे या कामाची नव्हेत. रुग्णाने यंत्राची चौकशी करण्याआधी शल्यचिकित्सकाने पहिल्या बरगडीच्या किती शस्त्रक्रिया केल्या आहेत हे विचारावे.